उताराच्या रानाला जुना ट्रॅक्टर

वाचकांचे प्रश्न

दसरा जवळ आला की डोंगराकडच्या तालुक्यांतून गवतकापणीची पत्रं यायला लागतात. यंदा त्यांत जुन्या ट्रॅक्टरचा विषय जास्त आहे. सारखे प्रश्न एकत्र करून पाच पत्रांना इथं उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमचं गाव पन्हाळा तालुक्यात, मसाई पठाराच्या अंगाला. सहा एकर रान, त्यातली चार एकर गवताची पड, सगळी उताराची. लहानमोठी बारा जनावरं. गवत कापणं, उकिरड्यातलं खत भरणं आणि पावसात वाहून गेलेल्या वाटेवर मुरूम टाकणं, एवढ्या कामाला जुना ट्रॅक्टर घ्यायचा आहे. दोन बघून ठेवलेत. एक ५० एचपीचा टू व्हील (इंजिनाचा जोर मागच्या दोनच चाकांना), ऊस वाहतुकीतला, नवा रंग मारून चकाचक केलेला. लोडर (पुढं लावायची, माल भरून उचलणारी बकेट) आपण बसवून घ्यायचा. दुसरा ४५ एचपीचा फोर व्हील (जोर चारही चाकांना), लोडरसकट, पण रंग पार गेलेला आणि दीड लाखानं महाग. घरचे पहिल्याच्या बाजूचे आहेत. काय करावं?
— एक वाचक, पन्हाळा तालुका

उत्तर : दुसरा घ्या, मात्र खालच्या तपासणीत तो टिकला तरच. आणि घरच्यांना पटवायचं असेल तर एचपीचा विषय सोडून ब्रेकचा काढा.

टू व्हील ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. बकेट भरली की वजन पुढं सरकतं आणि मागची चाकं हलकी होतात. तोंड उताराकडं असेल तर आणखी हलकी. अशा वेळी ब्रेक दाबला की मागची चाकं जाम होतात आणि ट्रॅक्टर घसरतच राहतो, कारण पुढच्या चाकांना धरायला काहीच नसतं. फोर व्हीलची दांडी टाकली की पुढचा एक्सल शाफ्टनं मागच्या गिअरबॉक्सला जोडला जातो, आणि ब्रेकची व इंजिनाची धर चारही चाकांवर येते. फोर व्हील चढायला लागतो असं सगळे समजतात. डोंगरात त्याची खरी गरज उतरताना पडते.

दुसरं कारण पुढच्या एक्सलचं. बकेट रिकामी असली तरी नुसता लोडर चार-पाचशे किलोचा असतो, आणि बकेट तर एक्सलच्याही पुढं लटकते. टू व्हीलचा पुढचा एक्सल चाकं वळवण्यापुरता केलेला. त्याच्यावर हा भार टाकला की किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती पिन), बुश आणि हबची बेअरिंगं लवकर बोलायला लागतात. गोठ्यासमोरच्या सपाट अंगणात खत भरायला टू व्हीलचा लोडर चालून जातो. तुमच्या पडीत नाही.

राहिली पाच एचपीची गोष्ट. स्लॅशरला (फिरत्या जड पात्यांनी रान साफ करणारं अवजार) रुंदीच्या दर फुटाला पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, पाचेक एचपी लागतात, म्हणजे पाच फुटी स्लॅशरला पंचवीस. उतारावर इंजिन स्वतःचं वजनही ओढत असतं म्हणून आठ-दहा जादा धरा. ४५ एचपीच्या इंजिनातून पीटीओवर साधारण ३८ मिळतात. झालं काम. त्यापेक्षा वजन बघा. कुबोटा एल ४५०८ सारखा ४५ एचपीचा फोर व्हील दीड टनाच्या आत भरतो, तर तेवढ्याच एचपीचे नेहमीचे ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असतात. हलका ट्रॅक्टर ओल्या रानात बरा, पण भरलेल्या बकेटपुढं त्याचा मागचा भाग लवकर सुटतो.

ट्रॅक्टर बघायला जायच्या आधी आपली पड मोजा. सगळ्यात उभ्या जागी एक मीटर लांबीची सरळ फळी उताराच्या दिशेनं ठेवा. वरचं टोक जमिनीला टेकलेलं राहू द्या, खालचं टोक उचलून गवंड्याच्या लेव्हलनं फळी पाणसळीत आणा, आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंत उभं अंतर मोजा. १८ सेंटिमीटर भरलं तर उतार १० अंश, २७ भरलं तर १५, ३६ भरलं तर २०. दहापर्यंत सावकाश सगळी कामं होतात. पंधराच्या वर आडवं चालवायचं नाही आणि भरलेली बकेट न्यायची नाही. विसाच्या वर ट्रॅक्टर घालूच नका. तेवढा तुकडा विळ्यानं किंवा पाठीवरच्या ब्रश कटरनं कापा. हे आकडे कोरड्या रानाचे. दवानं भिजलेलं गवत आणि शेवाळलेला जांभ्याचा सडा यांना कुठलाच आकडा लागू नाही.

आता तपासणी. मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा, की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गेल्या गेल्या ब्लॉकवर हात ठेवा. कोमट लागला तर सकाळी चालू करून ठेवलाय, म्हणजे थंडीत उठायला त्रास देतो असं समजायचं. बंद असतानाच रेडिएटरचं टोपण काढून पाण्यावर तेलाची साय आहे का बघा, आणि डिपस्टिकवर ताकासारखं दुधी तेल आहे का तेही. दोन्हींपैकी काही दिसलं तर हेड गॅस्केट तरी गेलंय किंवा त्याहून मोठं काही. तिथूनच परत फिरा.

सुरू झाल्यावर दहा मिनिटं तापू द्या. मग मोबिल ऑइल भरायचं टोपण सोडवून त्याच तोंडावर उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. नाचून खाली पडलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात आणि कॉम्प्रेशन खाली येतंय. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. भार पडल्यावर काळा धूर आला तर आधी एअर फिल्टर बघा, बऱ्याचदा तेवढंच असतं. तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर नोझल किंवा पाणी.

तास मीटरवर भरवसा ठेवू नका, तो बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांवर बंदच असतो. ट्रॅक्टरनं आधी काय काम केलंय ते त्याच्या मागच्या बाजूला वाचता येतं. ड्रॉबारचं भोक अंड्यासारखं लांबट झालंय आणि हूक झिजलाय, म्हणजे आयुष्य उसाच्या ट्रॉल्या ओढण्यात गेलं. अशाचा पीटीओ कोरा असतो, पण क्लच, ब्रेक आणि गिअर खाल्लेले असतात. पीटीओ शाफ्टच्या दात्यांना धार आलीय किंवा ते पिळल्यासारखे तिरके दिसतात, म्हणजे तो रोटाव्हेटरवर राबलाय. आणि मागच्या एक्सलच्या सीलमधून तेल पाझरून ड्रमवर चिखलाचा थर बसलाय, तर भाताच्या चिखलणीत पोटापर्यंत बुडून आलेला आहे. तुमच्या कामाला तिघांतला कुठला बरा म्हणाल तर रोटाव्हेटरवाला. ट्रॉलीवाले गळीत हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतात आणि स्वस्त वाटतात. घरच्यांचा चकाचक बहुधा त्यातलाच.

क्लच बघायला सपाटीवर वरच्या गिअरमध्ये टाका, ब्रेक दाबून धरा आणि पेडल हळूहळू सोडा. इंजिन गचका देऊन बंद पडलं पाहिजे. नुसतं घरघरत राहिलं तर प्लेट संपली. डबल क्लच असेल तर पेडल अर्धं दाबल्यावर ट्रॅक्टर थांबून पीटीओ फिरत राहतो, आणि पूर्ण दाबल्यावर पीटीओही थांबतो. दोन्ही टप्पे वेगळे जाणवले पाहिजेत. ब्रेकच्या दोन पेडलांची पट्टी काढून डावा-उजवा वेगळा तपासा, मग पट्टी जोडून एकत्र. जोडलेला असताना ट्रॅक्टर एका बाजूला ओढला तर उतारावर तो तुम्हाला आडवा करणार.

फोर व्हील खरंच लागतो का, हे दांडीवरून कळत नाही. लोडर असल्यामुळं इथं सोय आहे : बकेट जमिनीवर दाबून पुढची दोन्ही चाकं चार बोटं उचला, चाकांपुढं कोणी उभं राहणार नाही हे बघा, हॅण्डब्रेक ओढा, इंजिन बंद करून गिअरमध्ये ठेवा आणि फोर व्हील टाका. आता दोन्ही पुढची चाकं एकदम एकाच दिशेला फिरवायचा प्रयत्न करा. थोडी ढिलाई सोडली तर ती फिरता कामा नयेत. सुटून फिरली तर आतला गिअर किंवा कपलिंग गेलंय. चाकं उचललेली असतानाच वर-खाली धरून हलवा, किंगपिन आणि बेअरिंगची ढिलाई हातात येते. एक्सलच्या मधोमध असलेली सेंटर पिनही बघा; तिथं बोटभर खेळ असेल तर बुश बदलावे लागणार. हे मोठं संकट नव्हे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात पिन आणि बुश मापानं टर्न करून मिळतात. पुढचे टायर मागच्यांपेक्षा फारच गुळगुळीत असतील तर मात्र विचारा, डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून फिरवलाय का. पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त पळतील अशीच गिअरची जोडणी असते. मातीत तो फरक घसरून निघतो, डांबरावर निघत नाही आणि सगळा ताण पुढच्या क्राउन-पिनियनवर येतो. टायर मूळ मापाचेच आहेत ना हेही त्याचसाठी बघायचं.

लोडरची चौकट कुठं जाऊन थांबते ते वाकून बघा. चौकटीचे हात मागच्या एक्सलपर्यंत गेलेले असले तर धक्का सगळ्या अंगावर वाटला जातो. पुढच्या चेसिसला आणि क्लच हाऊसिंगलाच बोल्टनं आवळून थांबलेली असेल तर ट्रॅक्टर कमरेत मोडायची भीती. इंजिन आणि क्लच हाऊसिंगच्या सांध्यातून तेल झिरपतंय का, तिथल्या बोल्टांच्या डोक्यावर पान्याचे ताजे ओरखडे आहेत का, बिडाला बारीक तडा आहे का, हे बॅटरीच्या उजेडात पाहायचं. चौकटीवरच्या वेल्डिंगवर वेल्डिंग चढवलेलं दिसलं तर या लोडरला जेसीबी समजून राबवलंय. शेवटी बकेट मुरमानं भरून छातीइतकी उचला, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं गप्पा मारा. खाली कोणी जायचं नाही. वीतभर उतरली तर सिलिंडरची सीलं किंवा व्हॉल्व गळतोय. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर उभा ओरखडा असेल तर नवं सीलही टिकणार नाही.

एवढं करून ट्रॅक्टर जवळच्या चढावर न्या. अर्ध्यात थांबवा, हॅण्डब्रेकवर धरतो का पाहा, आणि तिथूनच पुन्हा उचला. अंगणात गोल फेरी मारून सौदा करणाऱ्याला हे कळत नाही. जे जे दुरुस्तीचं निघेल, म्हणजे टायर, क्लच प्लेट, सीलं, बुश, त्याचा भाव मिस्त्रीकडून काढून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून मागा. रंगाचे पैसे देऊ नका.

प्रश्न : ३५ एचपीचा जुना, एका क्लचचा ट्रॅक्टर घेतला. डोंगरातलं गवत कापून जनावरांना घालायचं आहे. स्लॅशर मिळतोय. शेजारचे म्हणतात, स्लॅशर लावला की तुझा ट्रॅक्टर थांबणार नाही. हे कसं?
— शाहूवाडी तालुका

उत्तर : शेजारी बरोबर सांगताहेत. एका क्लचच्या ट्रॅक्टरात पेडल दाबलं की इंजिन सुटतं, पण चाकं आणि पीटीओ गिअरबॉक्समधून एकमेकांना जोडलेलेच राहतात. स्लॅशरची जड पाती फिरत असतात. त्यांचा जोर उलटा शाफ्टमधून गिअरमध्ये येतो आणि ट्रॅक्टरला पुढं ढकलतो. सपाटीला चार-पाच फूट, उतारावर ताल (बांध) ओलांडून खाली जाण्याइतकं. यावर उपाय आहे : पीटीओच्या दात्यांवर बसणारं ओव्हररनिंग कपलिंग. सायकलच्या फ्रीव्हीलसारखं ते एकाच दिशेनं जोर देतं. ते बसल्यावर स्लॅशरला जोडणारा शाफ्ट तेवढा आखूड करून घ्यावा लागतो. मागच्या लिफ्टच्या ज्या उंचीवर शाफ्ट सगळ्यात जवळ येतो, तिथंही आत दोन-अडीच सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे, नाहीतर ताल ओलांडताना तो पीटीओच्या बेअरिंगला ठोसे देतो. आणि कामाच्या उंचीवर शाफ्टच्या दोन्ही नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबीपर्यंत गेलेल्या असाव्यात.

पण तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. वैरणीला स्लॅशर घेऊ नका. तो गवत कापत नाही, झोडपतो. तुकडे मातीत आणि दगडगोट्यांत मिसळतात, गोळा होत नाहीत आणि जनावर तोंड लावत नाही. स्लॅशर रान साफ करायला, घाणेरी आणि रानमोडी मोडायला.

वैरणीला तुमच्या ट्रॅक्टरवर कटर बार, म्हणजे कात्रीसारख्या सरकत्या पात्यांची लांब पट्टी, बसतो. पाच-सहा फुटी बारला दहा-पंधरा एचपी पुरतात, गवत मुळाशी साफ कापून सरळ आडवं पडतं, पेंढ्या बांधता येतात. बार उजव्या बाजूला बाहेर निघतो, त्यामुळं वजन तिकडं जातं. म्हणून पंधरा अंशांच्या आत आडवं चालायची वेळ आली तर बार डोंगराच्या बाजूला येईल अशीच फेरी घ्या, दरीच्या बाजूला कधीच नको. ड्रम मोवर (फिरत्या ड्रमांखालच्या पात्यांनी कापणारं यंत्र) वेगानं आणि दाट गवतातही कापतो, पण तो साडेतीनशे-चारशे किलोचा आणि एका अंगाला लटकणारा. ३५ एचपीच्या हलक्या ट्रॅक्टरला डोंगरात तो नको.

कापणी जमिनीपासून तीन-चार इंच वर ठेवा. जांभ्याचे गोटे गवतात दिसत नाहीत, आणि बारची पाती दगडाला लागली की तिचा रिव्हेट तुटतो. आठ-दहा पाती, रिव्हेट आणि एक हातोडी रानात बरोबर असू द्या. इंजिन असं ठेवा की पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर येईल. बहुतेक ट्रॅक्टरांच्या मीटरवर तशी खूण असते. कमी फेऱ्यांवर पाती गवत फाडते आणि बार गुंतून बसतो. वेग कमी करायचा तो गिअरनं, थ्रॉटलनं नाही. पुढंमागं कधी स्लॅशर लावलाच तर शेअर बोल्ट (दगड लागला की आधी तुटून गिअरबॉक्स वाचवणारा) पुस्तिकेत दिलाय त्याच ग्रेडचा घाला. दुकानदार कडक बोल्ट 'तुटायचा नाही बघा' म्हणून देतो. तो तुटत नाही खरा, मग गिअरबॉक्स तुटतो.

कुसळी गवत आपल्याकडं फार. कुसळ धरायच्या आधी, फुलोऱ्यात असतानाच कापा. जनावराच्या तोंडाला टोचत नाही आणि रेडिएटरही वाचतो. पिकल्यावर कापलं तर तासाभरात रेडिएटरच्या जाळीवर कुसळांची गोधडी बसते आणि काटा तांबड्यात जातो. जाळी इंजिन बंद करून बाहेर काढून झाडायची. पाणी मारलं तर कुसळं भिजून आणखी आत रुततात. पीटीओच्या सीलभोवती गुंडाळलेलं गवत आणि सायलेन्सरच्या खाली साठलेलं वाळकं पान रोज संध्याकाळी हातानं काढा. पहिल्यानं सील जातं, दुसऱ्यानं ट्रॅक्टर पेटतो.

प्रश्न : ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला लोडर आहे. कोरडं खत उचलतो तोवर ठीक, ओला मुरूम भरला की मागची चाकं उचलतात. मिस्त्री म्हणतो टायरमध्ये पाणी भरा. ट्यूब खराब होते का? किती भरायचं?
— आजरा तालुका

उत्तर : भरा. ट्यूबला काही होत नाही, विहिरीचं साधं पाणी चालतं. परदेशी पुस्तिकांत पाणी गोठू नये म्हणून त्यात क्षार मिसळायला सांगतात. आजऱ्याची थंडी कडक असली तरी तेवढी नाही, आणि तो क्षार रिम खातो.

चाक जॅकवर उचला, व्हॉल्व सगळ्यात वर येईल असं फिरवा, आतली सुई काढा आणि व्हॉल्वच्या पातळीपर्यंत पाणी भरा. तेवढं म्हणजे सुमारे पाऊण टायर. वरची पाव जागा हवेला लागतेच. १३.६-२८ मापाच्या टायरात अंदाजे दोनशे लिटर बसतं, म्हणजे दोन्ही मिळून चारशे किलो, तेही जमिनीजवळ. मग हवा पुस्तिकेतल्या मापाला भरा. पाणी भरलेल्या टायरात हवेचा दाब मोजताना व्हॉल्व वरच ठेवायचा, नाहीतर मीटरमध्ये पाणी जातं.

त्याआधी बकेटचा हिशेब करून बघा. तुमची बकेट दीड मीटर रुंद, अर्धा मीटर खोल आणि तेवढीच उंच असेल तर आकारामुळं तिच्यात सव्वादोनशे लिटर, म्हणजे आठ घनफूट माल बसतो. ब्रासला, म्हणजे शंभर घनफुटांना, साडेबारा बकेटा. शेणखताची बकेट दोनशे-सव्वादोनशे किलोची होते, ओल्या मुरमाची चारशेच्या घरात. दुपटीचा फरक आहे, आणि तुम्ही दोन्ही शिगोशीग भरताय. मुरूम पाऊण बकेटच घ्या.

पाण्याच्या जोडीला मागं लिफ्टवर वजन लागेलच. ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच असा काँक्रीटचा ठोकळा ओतला तर तीनशे किलोला थोडा कमी भरतो. आत सळ्यांची जाळी टाका, आणि खालच्या दोन लिंकसाठी २८ मिलिमीटरची आरपार पिन व वर टॉप लिंकसाठी कान ओततानाच बसवा. नंतर ड्रिल मारून बसवलेला कान निघून येतो. हा ठोकळा पाण्यापेक्षा जास्त काम करतो, कारण तो मागच्या एक्सलच्या मागं असतो आणि पुढच्या एक्सलवरचा भार उचलून घेतो. पाणी तेवढं करत नाही. ठोकळा खाली, जमिनीपासून वीतभर ठेवून चालवा.

मागची चाकं रुंद करता आली तर तीही करा. बहुतेक ट्रॅक्टरांत डावं चाक उजवीकडं आणि उजवं डावीकडं घातलं की डिशची फुगीर बाजू आत-बाहेर होऊन अंतर वाढतं. टायरच्या नक्षीचा बाण मात्र पुढच्या दिशेलाच राहिला पाहिजे. नट दोन तास काम झाल्यावर पुन्हा आवळा. पुढची चाकं लोडर असताना रुंद करू नका, एक्सलवरचा ताण वाढतो.

भरलेली बकेट गुडघ्याच्या खाली. चढताना बकेट पुढं ठेवून चढा, उतरताना रिव्हर्समध्ये उतरा; म्हणजे दोन्ही वेळा भार डोंगराच्या बाजूला. वळायचं ते सपाटीवर. आणि न उकरलेला जांभा त्या बकेटनं फोडायचा नाही, मोकळा केलेला मालच भरायचा.

प्रश्न : निपाणीकडचा, कर्नाटक पासिंगचा ट्रॅक्टर स्वस्त मिळतोय. कागदपत्रं काय बघायची?
— कागल तालुका

उत्तर : स्वस्त का आहे, ते आधी आरसीवर बघा : बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा नोंदलेला आहे का. असेल तर कर्ज फेडल्याचा दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. परराज्यातली गाडी म्हणून तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवर स्वतः वाचून जुळवा. नंबरावर रंगाचा जाड थर असेल तर तो खरवडून. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पंधरा संपत आली असतील तर तो खर्च आणि खेटे भावात धरा. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो, तो लोक हमखास विसरतात.

प्रश्न : २२ एचपीचा जुना मिनी ट्रॅक्टर फोर व्हील आहे. डोंगरात लोडरला चालेल का? आणि आमचा ड्रायव्हर उतरताना न्यूट्रल करतो, डिझेल वाचतं म्हणतो. खरं का?
— राधानगरी तालुका

उत्तर : मिनी ट्रॅक्टर काजूच्या बागेत झाडांमधून फिरायला चांगला. लोडरला नाही. त्याची चाकं जवळजवळ असतात, वजन कमी, त्यामुळं आडव्या उतारावर लवकर कलंडतो, आणि दोनशे किलो उचलले की मागचा भाग सुटतो. चार फुटी कटर बार त्याच्यावर मजेत चालेल.

न्यूट्रलनं डिझेल वाचत नाही. गिअरमध्ये, थ्रॉटल खाली सोडून उतरताना चाकं इंजिनाला फिरवत असतात, आणि तेवढ्या वेळात गव्हर्नर (इंजिनाचा वेग राखणारा भाग) पंपातून जाणारं डिझेल जवळपास तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या जिवावर चालू राहायला डिझेल पितच राहतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे वेग धरल्यावर जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर पुन्हा पडत नाही, दाते नुसते कर्र वाजतात, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. क्लच दाबून उतरणं हेही न्यूट्रलच. तो उतार चढायला जो गिअर लागला असता, तोच माथ्यावर थांबून टाकायचा, फोर व्हीलची दांडी टाकायची आणि पाय क्लचवरून काढून ठेवायचा. ड्रायव्हरच्या हातात चावी देण्याआधी दोन्ही ब्रेक पेडलांची पट्टी जोडलेली आहे का ते बघा. शेतात वळायला ती सोडलेली असते आणि घाटात तशीच राहते.